गोजरबाईचं वाळणं

कुरुंद्यात त्या काळी जाड बाई बघायची असली तर लांब जावं लागत नसे. उकंडरावाच्या ओसरीवर गोजरबाई बसलेली असायची आणि तिच्या बाजूनं आत जायचं तर माणसाला अंग चोरावं लागायचं. यात कुणाला लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं, आणि वाटावं तरी कशाला? ज्या गावात निम्म्या बायकांच्या बरगड्या लुगड्यावरून मोजता याव्यात, तिथं एका घरची सून अशी भरलेली असणं म्हणजे त्या घराची विहीर, हळद आणि दुभती म्हैस एकदमच गावाला दाखवल्यासारखं होतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा अशी नव्हती. माहेर सेनगावकडचं साखरा, सगळी जमीन कोरडवाहू, पाऊस देईल तेवढंच खायचं. हळद लावणाऱ्या बायका तेव्हा हसून म्हणाल्या होत्या की या पोरीला वाटीभर हळद लावली तरी उरेल. बायकांचं काय, बोलून मोकळ्या झाल्या. पण सासू जनकाबाईनं ते ऐकलं आणि मनाला लावून घेतलं.

जनकाबाईची पहिली तीन लेकरं वाळून वाळून गेली होती. ताप नाही, उलटी नाही, नुसती दिवसेंदिवस हलकी होत गेली आणि एक दिवस मांडीवरच थंड पडली. चौथं झालं तेव्हा तिनं ते उकिरड्यावर ठेवलं, परक्यासारखं उचलून घरात आणलं आणि त्याचं नाव उकंडा ठेवलं, की यमानं नाक मुरडून पुढं जावं. तो जगला, वाढला, लोक त्याला उकंडराव म्हणू लागले. पण जनकाबाईच्या लेखी तेव्हापासून जगातलं दुखणं एकच, ते म्हणजे वाळणं, आणि औषधही एकच, ते म्हणजे तूप. सुनेच्या प्रत्येक बाळंतपणात डिंकाचे लाडू झाले, बाळंतपण नव्हतं तेव्हाही झाले. गोजरबाईनं कधी नको म्हटलं नाही. साखऱ्यात जन्म काढलेल्या पोरीला तुपाला नको म्हणायची अक्कल यायची तरी कुठून?

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात, हळद शिजवून वाळत घातली होती तेव्हा, तिच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. बरगड्यांच्या खाली काहीतरी जड धरून बसल्यासारखं वाटे. चार पावलं चालली की दम लागे. वसमतच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा दाबलं, आणि त्यांचा चेहरा उतरला तो गोजरबाईनं बरोबर टिपला. ते उकंडरावाला बाजूला घेऊन म्हणाले, "काळीज, म्हणजे यकृत, वाढलंय. हैदराबादला न्या. तिथं काळजाचा फोटो निघतो. आत काय आहे ते मला हातानं कळणार नाही."

बाजूला घेऊन सांगितलेली गोष्ट नेहमी जास्त ऐकू येते. गोजरबाईची आई पोटाच्या दुखण्यानंच गेली होती. शेवटी शेवटी तिला पाठुंगळी घेऊन अंगणात आणायला लागे आणि गोजरबाई तेव्हा लहान असूनही तिला ते ओझं वाटत नसे. वसमतहून परत येताना बैलगाडीत तिला सारखं तेच पाठीवरचं हलकं ओझं आठवत राहिलं.

पूर्णेला गाडी बदलून ती दोघं हैदराबादला पोचली. दवाखाना एवढा मोठा की उकंडरावासारखा बाजारात आवाज चढवून बोलणारा माणूस तिथं कुजबुजायला लागला. तिच्या हातात सुई दिली, थोडा वेळ बसवून ठेवलं आणि मग एका उंच फळीवर उताणं झोपवलं. वरून एका लोखंडी हाताला लटकलेलं जड डोकं खाली आलं, अगदी पोटाला टेकेल असं वाटण्याइतकं. मशीनवरच्या माणसानं बजावलं, "अम्मा, हिलना नक्को." त्यानं सांगितलं नसतं तरी ती हलली नसती. भीतीनं तिचं अंग आधीच लाकूड झालं होतं.

ते डोकं तिच्या पोटावरून या काठापासून त्या काठापर्यंत सरके, थोडं खाली येई, पुन्हा उलटं सरके, शेतात नांगर फिरावा तसं. आणि वाजे. टक, टक, टकटक. त्या माणसानं तिला बरं वाटावं म्हणून समजावलं की सुईतलं औषध कलेजात जाऊन बसतं, त्यातून किरण निघतात, मशीनला किरण सापडला की ते वाजतं आणि तिकडं कागदावर एक ठिपका पडतो. ठिपके दाट पडले की कलेजा चांगला. भल्या माणसानं चांगल्या मनानं सांगितलं, पण त्यामुळं तिच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. आता ती नुसती पडून राहिली नव्हती, ती ऐकत होती. मशीन वाजत होतं ते चुकूनमाकून. मध्येच गप्प होई. मग एखादा टक, मग पुन्हा शांत. इथं काही नाही माझ्यात, इथं किडून गेलंय सगळं, असं तिला वाटे. ती मनातल्या मनात त्या लोखंडाला विनवत राहिली की वाज रे बाबा.

डॉक्टर म्हातारे होते, हळू बोलणारे. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. कलेजाचा आकार होता, पण फिका, आणि त्यात जागोजाग रिकामे डाग. कसर लागलेल्या घोंगडीसारखा तो दिसत होता. उकंडराव एकदा बघून खिडकीबाहेर पाहायला लागला.

"डरो नक्को अम्मा," डॉक्टर म्हणाले. "चर्बी बी हो सकती, गांठ बी हो सकती. ये फोटू से मालूम नई पडता."

मग त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत, मध्ये दखनी घालून, समजावलं. दिव्यावर गोधडी टाकली तर उजेड कमी दिसतो, पण दिवा तेवढाच असतो. तुमच्या पोटावर चरबीची गोधडी आहे, त्यात किरण अडकून राहतात. आणि चरबी नुसती वरच नाही, कलेजाच्या आतही शिरली असणार. जिथं ती शिरली तिथं औषधाला बसायला जागा मिळत नाही, म्हणून डाग. पण गाठ असली तरी तिथं औषध बसत नाही, डाग असाच दिसतो. सुई टोचून तुकडा काढता येतो, पण इतक्या जाड अंगात अंदाजानं सुई घालायची म्हणजे भलतीकडंच लागायची. ते ऐकून उकंडरावानं हातच जोडले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तूप बंद, तेल बंद, गूळ-साखर बंद. ज्वारीची भाकर, भाजी, लोणी काढलेलं ताक, आणि चालायचं. दिवाळीनंतर या, पुन्हा फोटो काढू. चरबी असेल तर डाग भरून येतील. पण भूक मेली, डोळे पिवळे झाले, तर दिवाळीची वाट बघू नका."

परतीच्या गाडीत निजामाबाद मागं पडलं. मग गोजरबाईनं विचारलं, "अवो, गाठ असली तरी माणूस वाळतंयच ना?"

"व्हय," उकंडराव म्हणाला.

"मग म्या वाळले तर ते पथ्यानं का गाठीनं, हे कोण सांगल?"

खरं म्हणजे हा प्रश्न तिनं डॉक्टरांना विचारायचा होता. पण मोठ्या दवाखान्यात आपल्या माणसांच्या तोंडाला कुलूप लागतं आणि ते नेमकं गाडी सुटल्यावर उघडतं.

त्या दिवसापासून गोजरबाईच्या आयुष्यात ती एकच गोष्ट उरली. वाळली नाही तर फोटो पुन्हा तसाच येणार. वाळली तर मरणाची चाहूल लागल्यासारखं होणार. डॉक्टरांनी वजन करत जा म्हटलं होतं. घरात हळदीचा काटा होता, आढ्याला टांगलेला, दोन माणसं बसतील अशा पारड्यांचा. उकंडरावानं एका पारड्यातली पोती उतरवली तशी जनकाबाई आडवी आली. "जित्या माणसाला तोलत न्हाईत. नवस फेडायला गुळानं तोलत्यात, तेबी देवाम्होरं. घरात तोललं की यमाला माप कळतंय." नवराबायकोपैकी कुणाचीच तिच्या बोलण्यावर हसायची हिंमत झाली नाही, गोजरबाईची तर नाहीच. पोती पुन्हा चढली. मग गोजरबाईला वजन कळणार ते हातातल्या काचेच्या बांगड्यांवरून आणि चोळीच्या गाठीवरून.

पहिल्या महिन्यात बांगड्या जराही हलल्या नाहीत. खरी गोष्ट सांगायची तर तिला त्याचा आनंद झाला. न वाळणं म्हणजे गाठ नसणं, असा हिशेब तिनं मनाशी लावून टाकला. डॉक्टरांचा हिशेब वेगळा होता हे तिला ठाऊक होतं. भाकरी पापुद्रे सुटणारी, मऊ लागायची, आणि तव्यावरून उतरताना तिला एक ओळखीचा वास यायचा. सासू पिठात तूप मळते हे तिनं दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. ओळखलं आणि गुपचूप खाल्लं. वर जनकाबाई विचारायची, "भूक हाय ना माय?" आणि ती म्हणायची, "हाय आत्याबाई, लई हाय." दोघी एकमेकींना फसवून एकमेकींना धीर देत होत्या. या घरात अशी चूक होणारच होती, कारण इथं तुपाशिवाय दुसऱ्या कशानं माया करायचं कुणाला येतच नव्हतं.

मृगात पेरण्या झाल्या. एक दिवस उकंडराव जेवता जेवता थांबला आणि बायकोकडं बघून म्हणाला, "दिवाळीनंतर फोटू तसाच निघाला तर? मी पुन्यांदा तसला फोटू बघू शकत न्हाई गोजर." एवढं बोलून तो उठून गोठ्याकडं गेला. त्याचे खांदे हलताना तिला दिसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला स्वतःच्या पोटापेक्षा त्या पाठीची जास्त भीती वाटली.

ती चुलीपाशी गेली. जनकाबाई पीठ मळत होती, शेजारी वाटी पदराखाली झाकलेली.

"आत्याबाई, तूप बंद करा."

जनकाबाईचा हात थांबला. "म्या तीन लेकरं वाळताना बघितली गोजर. ह्या हातावर. आता तुला म्या माझ्या हातानं वाळवू?"

"वाळवा," गोजरबाई म्हणाली. "न्हाई तर काय हाय ते कधीच कळायचं न्हाई."

म्हातारीनं वाटी उचलली आणि फडताळात ठेवली. मग ती तिथंच बसून नवस बोलली, की सुनेचा फोटो नीट निघेपर्यंत मी एकभुक्त राहीन, तूप-दुधाला शिवणार नाही. म्हाताऱ्या बायका असे नवस करतच असतात. घरात त्यावर कुणी दुसरा शब्द काढला नाही.

आणि गोजरबाई वाळायला लागली. रोज मळ्यात चालत जायची, हळदीच्या सऱ्या खुरपायची, बायकांच्या बरोबरीनं वाकायची. आधी दम लागायचा, मग कमी लागायला लागला. पोळ्याला बांगड्या मनगटावरून वर सरकल्या. महालक्ष्म्यांना त्या कोपराकडं जायला लागल्या आणि चोळीची गाठ घट्ट ओढून मारावी लागली. आमच्याकडं बारीक होण्याला खराब होणं म्हणतात, दुसरा शब्दच नाही. शेजारची मिराबाई विहिरीवर भेटली की कळवळून म्हणायची, "लई खराब झाल्यात वो तुमी." बाया बोलता बोलता ती आली की गप्प व्हायच्या. हळदीकुंकवाला एकीनं तिच्या ओटीत नारळ जरा जास्तच वेळ धरून ठेवला, निरोप देतात तसा. गोजरबाई घरी आली आणि दार लावून मटकन खाली बसली.

तिची भीती आता चोवीस तासांची झाली होती. सकाळी उठल्याबरोबर ती आरशात डोळे बघायची, पिवळे झाले का. कुशीत दुखणं कमी झालं होतं, तर तिला वाटे की आतलं सगळं मेलं म्हणून दुखत नाही. भूक लागली की तिला हायसं वाटे, आणि भीतीनं घास घशाखाली उतरला नाही की तिला वाटे, मेली भूक, झालं, आता दिवाळीपर्यंतही थांबायला नको. मग ती जबरदस्तीनं भाकरी गिळायची आणि पाणी प्यायची. वाळणं मागायचं आणि वाळताना थरथरायचं, असं ते सगळं चाललं होतं. घरात सगळ्यांच्या नजरा तिच्या ताटावर. उकंडराव चोरून बघायचा, पोरं बघायची. जनकाबाई समोर बसून तिचा घास न् घास बघायची आणि विचारलं की म्हणायची, "माझं झालं, तू जेव."

दिवाळी झाली. पाडव्यानंतर दोघं पुन्हा पूर्णेला गाडी बदलून निघाली. पोचेपर्यंत गोजरबाईनं उकंडरावाचा सदरा एका बाजूनं मुठीत धरून ठेवला होता, आणि त्यानंही तो सोडवला नाही. सुई झाली. फळीवर झोपताना ह्या खेपेला कुणाच्या आधाराची गरज लागली नाही. लोखंडी डोकं खाली आलं तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले. बघायचं काही नव्हतंच, जे कळायचं ते कानानं.

सुरुवातीला मशीन गप्प होतं. काठ होता तो, पण तिला कुठं ठाऊक? तिला वाटलं संपलं सगळं. मग टक झालं. मग टकटक. आणि मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसं ते वाजायला लागलं, थांबेचना. या काठाहून त्या काठापर्यंत आणि पुन्हा उलटं, मध्ये कुठं खाडा नाही. गोजरबाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहून कानांत जायला लागलं आणि हलायचं नाही म्हणून तिनं ते पुसलंही नाही.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. जुना घोंगडीसारखा, नवा काळाभोर, भरलेला, काठ स्वच्छ. "चर्बीच थी," ते म्हणाले. "अंदर की बी गई, ऊपर की बी गई. गांठ नई अम्मा. अब खाव, लेकिन पहले जैसा नक्को." उकंडरावानं त्यांचे पाय धरले. त्याला उठवता उठवता डॉक्टरांची पुरेवाट झाली.

वसमतच्या स्टेशनावर सालगडी जळबा बैलगाडी घेऊन आला होता. वाटेत उकंडराव त्याला तीच गोष्ट तीनदा सांगत राहिला आणि जळबानं ती तीनदा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. गोजरबाई मागं बसून दोन्ही बाजूंच्या हळदीकडं बघत होती. कितीतरी महिन्यांनी तिनं पोटभर श्वास घेतला. वाळलेल्या हातांचं तिला पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

दारात जनकाबाई भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. तिनं सुनेवरून तुकडा ओवाळून टाकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं, आणि काही विचारायच्या आधीच उकंडरावाच्या तोंडाकडं बघून सगळं समजली. "चांगलं निघालं," एवढंच ती म्हणाली आणि तिनं दाराची चौकट धरली. गोजरबाईनं पुढं होऊन तिला मिठीत धरलं.

मिठीत काही आलंच नाही. लुगडं आलं, आत नुसत्या काड्या. गोजरबाई उन्हाळ्यापासून दुसरं काही शिकली नव्हती, हलकं होणं कसं असतं एवढंच शिकली होती. हे एक वेळ जेवून आलेलं हलकं होणं नव्हतं. असं हलकं अंग तिनं आधी एकाच माणसाचं पाठीवर घेतलं होतं, साखऱ्यात, आईचं. सावरायला म्हणून तिचा हात म्हातारीच्या उजव्या कुशीला लागला तशी जनकाबाई कळवळून मागं सरली.

"तिथं नको लावू माय."

गोजरबाईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं. डोळ्यांत हळद कालवल्यासारखा रंग होता. सगळं गाव दिवाळीपर्यंत या घरातलं वाळणं बघत होतं आणि ते सगळं एकाच बाईकडं बघत होतं.

"कधीपासून आत्याबाई?"

"हाय की, लई दिसापासून," जनकाबाई म्हणाली. "म्हणलं, आधी तुझं निघू दे."

अंगणात जळबा जुवाची शिवळ, बैलाच्या मानेशी असलेली खुंटी, काढायला वाकला होता. गोजरबाईनं म्हातारीला तसंच छातीशी धरून ठेवलं आणि त्याला म्हणाली, "बैलं सोडू नको."